गाडी का तापते?



मार्च-एप्रिल हे आपल्या समाजाचे प्रवासाचे आणि मिरवणुकीचे महिने. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याकडे गाड्या निघतात, १४ एप्रिलला गावोगावी जयंतीचे रथ निघतात. ऊनही नेमके तेव्हाच पेटलेले असते. मग घाटात एखादी गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी दिसते. आत लेकरेबाळे, म्हातारी माणसे. आणि चालक बांधव पिण्याचे पाणी भसाभस इंजिनवर ओतत असतो. आपल्या कितीतरी घरांची चूल टॅक्सीवर, टूरिस्ट गाडीवर, शाळेच्या व्हॅनवर पेटते. इंजिनचे हेड गेले की गाडी आठवडाभर गॅरेजात पडते, खिशातून मोठी रक्कम जाते आणि हप्ता थकतो तो वेगळाच. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

आधी एक बोलून टाकतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या गाडीच्या बंपरलाही कधी कधी लिंबू-मिरची लटकलेली दिसते. गाडीला कुणाची नजर लागून ती तापत नाही. तापण्याला कारण असते, आणि ते कारण हाताने शोधता येते.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते, त्यातली निम्म्याहून कमी शक्ती चाकांना मिळते. उरलेली सारी उष्णता असते. तिचा काही भाग सायलेन्सरमधून धुरासोबत जातो, बाकीचा मोठा भाग पाणी उचलते. वॉटर पंप हे पाणी इंजिनभोवती फिरवतो, पुढे रेडिएटरमध्ये वारा आणि पंखा ते निववतात. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे, ते आत दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे पाणी १०० अंशांवर गेले तरी उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये! दाब सुटला की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. अशी भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. किमान अर्धा तास थांबा. वरचा रबरी पाईप हाताला सोसवेल इतका निवाला, की जाड फडके धरून झाकण आधी थोडेच फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, बाजूच्या डबीलाच दाबाचे झाकण असते. नियम तोच.

काटा नुसता चढू लागला असेल तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. एप्रिलात हीटर म्हटल्यावर घरची मंडळी ओरडतील, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा लाल रेषेला टेकला किंवा वाफ दिसली, तर मात्र ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आता निदान. गाडी कधी तापते, हे चालकाने नीट सांगितले तर अर्धे काम झाले. सिग्नलला, गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, म्हणजे बहुधा पंख्याचा दोष. विजेवरचा पंखा असेल तर इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहा, मग मोटर. पट्ट्यावरचा पंखा असेल तर पट्टा सैल झाला आहे का, चिरला आहे का, ते पाहा. याउलट उभी असताना ठीक, पण घाट चढताना किंवा महामार्गावर वेगात तापते, तेव्हा पाणी कमी असेल किंवा रेडिएटर चोंदला असेल. बाहेरून माती, किडे, काडीकचरा. आतून गंज आणि क्षार. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे भरले की हंड्याच्या बुडाशी बसतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो आणि रेडिएटरकडचा पाईप थंडच राहतो, तर थर्मोस्टॅट अडकलेला समजावा.

जयंतीच्या रथाचे वेगळे आहे. गाडी चार-पाच तास माणसाच्या पावलाने चालते, समोरून वारा नाहीच. त्यात कार्यकर्ते उत्साहाने समोरच्या जाळीवर कापडी फलक घट्ट बांधतात. रेडिएटरचा श्वासच कोंडतो. फलक टपावर बांधा, बाजूंना बांधा, पण जाळी मोकळी ठेवा. पट्ट्यावरचा पंखा असलेली गाडी संथ चालताना तापू लागली तर न्यूट्रलमध्ये टाकून ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरा. पंप आणि पंखा दोन्ही जोराने फिरतात आणि काटा उतरतो. मिरवणुकीआधी पाण्याची पातळी आणि पट्टा बघण्याची जबाबदारी एकाच माणसाला द्या. सगळ्यांची म्हटली की कुणीच बघत नाही.

गॅरेजात गेल्याबरोबर ‘हेड उतरवावे लागेल’ असे ऐकू आले तर घाबरू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी स्वस्तातल्या गोष्टी पाहायला सांगा: पाईप आणि त्यांच्या क्लिपा, झाकणाचे रबर, पंखा, थर्मोस्टॅट, पंपाखालून ठिबकणारे पाणी. हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. बाहेर कुठेच गळती नसताना पाणी रोज कमी होते, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरात बुडबुडे उठतात, ऑईल दुधाच्या चहासारखे दिसते. त्या दिसल्या तर मात्र गाडी एक किलोमीटरही चालवू नका. हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का, हे पट्टी लावून तुमच्यासमोर तपासायला सांगा आणि जुने सामान मागून घ्या. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी कधी तापणार नाही’ हा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. आम्हांला तो पटत नाही. इंजिन नीट गरम झाले नाही तर ते तेल जास्त पिते, झिजतेही जास्त. जुना थर्मोस्टॅट खराब आहे की नाही, हे घरी पाहता येते. दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात लोंबता सोडा आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी तो उघडायला हवा. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे पातेले घेऊ नका, भंगारातला डबा घ्या.

कारण त्या थर्मोस्टॅटला कूलंट लागलेले असते. कूलंटने गंज रोखला जातो आणि पाणी उशिरा उकळते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात ते जरूर वापरावे. नुसत्या नळाच्या पाण्यावर वर्षे काढू नयेत. पण बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जहरी असते. रंग हिरवा किंवा गुलाबी, सरबतासारखा. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, जमिनीवर सांडलेले लगेच पाण्याने धुऊन काढा आणि त्याचा डबा लेकरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. चुकून पोटात गेलेच, तर उलटी होण्याची वाट न पाहता डब्यासकट सरकारी रुग्णालय गाठा.