१,४२,८५७ : जादू म्हणू नका, भागाकार करू द्या

गणित दिन जवळ आला की एक संख्या मोबाईलवर फिरायला लागते. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. खाली लिहिलेलं असतं 'जादुई संख्या'. मुलं टाळ्या वाजवतात, आपण फळा पुसतो.

माझा या 'जादुई' शब्दालाच आक्षेप आहे. जादू म्हटलं की 'असं का?' हा प्रश्न तिथंच संपतो. आणि इथं तर त्याचं उत्तर पाचवी-सहावीच्या मुलाच्या हातात आहे!

१ ला ७ ने भागायला लावा. आपण सवयीने 'दोन दशांश स्थळांपर्यंत काढा' म्हणतो. मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. 'सर, हे संपतच नाही' म्हणणाऱ्या मुलाला ०.१४ वर थांबवलं. खरी गंमत तिथून पुढे होती. यावेळी थांबवू नका, आणि प्रत्येक बाकी बाजूला लिहायला सांगा: ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना शून्य सोडून एवढ्या सहाच बाक्या असू शकतात, आणि इथं सगळ्या येऊन जातात. पुन्हा १ आला म्हणजे गाडी परत पहिल्या स्टेशनात. म्हणून उत्तर ०.१४२८५७१४२८५७... असं चालू राहतं.

आता २ ला ७ ने भागायचं म्हणजे काय? त्याच गाडीत, बाकी २ आली होती त्या स्टेशनावर चढायचं. उत्तर ०.२८५७१४... ३ साठी बाकी ३ च्या स्टेशनावर. अंक का फिरतात ते मूल स्वतः सांगेल. ७ ने गुणल्यावर ९९९९९९ का येतात, हेही मग कोड्यासारखं घरी न्यायला द्या.

जाता जाता : देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांच्या नावाने ज्या 'कापरेकर संख्या' ओळखल्या जातात, त्यांतही ही बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७! मुलांना हे कॅल्क्युलेटरवर नको, वहीतच करू द्या. हातचे चुकतील, चुकू देत.

नववीत 'अखंड आवर्ती' ही व्याख्या पाठ करून घेताना आपला जो घाम निघतो, तो बराचसा ०.१४ वर थांबल्यामुळेच निघतो, असं माझं मत आहे.

समजलं की नाही हे तपासायचं असेल तर सात सोडून १३ द्या. तिथं ०७६९२३ मिळतं. त्याला २ ने गुणलं तर १५३८४६, म्हणजे अंकच बदलले! बारापैकी सहाच बाक्या आल्या. उरलेल्या सहा कुठं गेल्या, हे मुलांना शोधू द्या.