कॅमेरा सरकारी वकिलाच्या पाठीमागेच का?

नरसी नामदेवच्या बसस्टँडवर कोणत्याही पोराला विचारा, सरकारी वकील म्हणजे कोण? एकच नाव येईल: उज्ज्वल निकम. हिंगोलीच्या जिल्हा न्यायालयात रोज खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलाचे नाव कुणालाच सांगता येणार नाही. टीव्हीने आपल्याला दाखवलेला सरकारी वकील एवढाच आहे: कोर्टाच्या बाहेर, माइकच्या गराड्यात, फाशीची मागणी करणारा.

खऱ्या सरकारी वकिलांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या मालिका परदेशात जुन्या आहेत. अमेरिकेत एनबीसी वाहिनीने २००२ साली ‘क्राइम अँड पनिशमेंट’ सुरू केली. सॅन दिएगोचे खरे सरकारी वकील, खरे खटले, खरे आरोपी. आपल्याकडेही असे काही हवे, असे माझे मित्र म्हणतात. मीही म्हणतो, हवे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कॅमेरा ठेवणार कुठे?

कॅमेरा सरकारी वकिलाच्या टेबलामागे बसला की पाहणाराही तिथेच बसतो. समोरच्या पिंजऱ्यातला माणूस त्याला आपोआप गुन्हेगार दिसू लागतो. शिक्षा झाली की शेवट गोड, आरोपी सुटला की शेवट कडू. निकाल न्यायाधीशाने द्यायच्या आधीच सोफ्यावर बसलेल्याने दिलेला असतो. आणि पिंजऱ्यातल्या माणसाचे नाव तुमच्या-माझ्यासारखे असले तर तो निकाल अटकेच्या दिवशीच, व्हॉट्सअॅपवर लागतो.

कायदा मात्र सरकारी वकिलाला शिक्षा मिळवून देणारा ठेकेदार मानत नाही. तो पोलिसांचा वकील नाही. फिर्यादीचाही खासगी वकील नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालच्या शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात हे स्पष्ट सांगितले आहे. खरे काय घडले हे बाजूला ठेवून कसेही करून आरोपीला शिक्षा व्हावी, अशी तहान सरकारी वकिलाला असू नये. आरोपीच्या बाजूचे काही त्याच्या हाती आले तर ते कोर्टासमोर ठेवणे हेही त्याचेच काम. मला सांगा, कोणत्या मालिकेत तुम्ही हे पाहिले आहे?

पाहिले ते बिर्याणीचे नाटक. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही बातमी देशभर फिरली. २०१५ साली जयपूरमध्ये खुद्द निकमांनी सांगितले की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी लोकांत सहानुभूतीची लाट येऊ नये म्हणून ती गोष्ट आपण रचली, असे त्यांचे म्हणणे होते. कसाबविरुद्धचा पुरावा भक्कम होता. कॅमेऱ्यात तो टिपला गेला होता. त्याला बिर्याणीच्या फोडणीची काहीच गरज नव्हती. तरी ती गोष्ट चालली, कारण ज्यांना ती विकायची होती ते कोर्टात बसलेलेच नव्हते, टीव्हीसमोर बसले होते.

आता दुसरे नाव घेतो. रोहिणी सालियन. मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा माणसे गेली. त्या खटल्यात सालियन विशेष सरकारी वकील होत्या. जून २०१५ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की आरोपींबाबत नरम धोरण घ्या, असा निरोप एनआयएच्या एका अधिकाऱ्याने त्यांना दिला. एनआयएने हा आरोप नाकारला. खरे-खोटे काहीही असो, एका सरकारी वकिलाने आपल्यावर दबाव आहे हे उघड बोलावे, ही या पेशातली केवढी मोठी घटना! पण निकमांचे नाव पाठ असणाऱ्या आपल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे?

जुलै २०२५ आठवा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष सोडले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, एवढेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. राज्य सरकार लगोलग दिल्लीला गेले. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुटलेल्यांनी तुरुंगात परत जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून चालणार नाही. ३१ तारखेला मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. त्या निकालाविरुद्ध सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात गेले ते मृतांचे नातेवाईक. एका निकालानंतर सरकार तीन दिवसही थांबले नाही. दुसऱ्या निकालानंतर ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनाच वकील शोधावा लागला.

इथे एक गोष्ट आपणही नीट समजून घेऊ. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे मेली. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळाले? बेकसूर माणूस आत गेला की त्याच्याच घराचे नुकसान होते असे नाही. खरा गुन्हेगार बाहेर राहतो आणि मयताच्या घरालाही इन्साफ मिळत नाही. म्हणून कच्चा पुरावा पाहून ‘हे कोर्टात टिकणार नाही, पुन्हा तपास करा’ असे पोलिसांना तोंडावर सांगणारा सरकारी वकील आरोपीचा जेवढा, तेवढाच पीडिताचाही असतो.

लांबचे कशाला, शेजारच्या नांदेडचे पाहा. पाटबंधारेनगरात ६ एप्रिल २००६ रोजी एका घरात स्फोट झाला, दोघे मेले. निकाल लागला जानेवारी २०२५ मध्ये. उरलेले सगळे आरोपी निर्दोष. सुमारे एकोणीस वर्षे हा खटला आपल्या उशाशी चालला. कोणता साक्षीदार फितूर झाला, पंच काय बोलले, उलटतपासात काय निघाले, हे हिंगोली-नांदेडच्या किती तरुणांनी जाऊन ऐकले? स्फोटाची बातमी सगळ्यांना ठाऊक, खटला कुणालाच नाही. मालिका हवी असेल तर ती या एकोणीस वर्षांची हवी.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा काल्पनिक आहे, पण खऱ्या खटल्यांवरच्या कार्यक्रमांपेक्षा तो खरा वाटतो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील त्यात लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते आणि दुसऱ्या दिवशी एका शाहिराचे आयुष्य फायलीतून वाचून दाखवते. ती दुष्ट नाही. ती फक्त फाइलला प्रश्न विचारत नाही. इन्साफ बुडायला तेवढे पुरते.

आमच्या नामदेवांची औंढा नागनाथची कथा जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. समोर कीर्तन करू दिले नाही म्हणून ते देवळामागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले म्हणतात. कॅमेरा काही देवळाइतका जड नाही. फिरवायचा म्हटला तर फिरेल.

पण टीव्हीवाले फिरवतील म्हणून वाट पाहत बसू नका. फौजदारी न्यायालय हे कायद्याने खुले न्यायालय आहे. काही नाजूक खटले सोडले तर कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतो. महिन्यातून एक दिवस हिंगोलीला जा आणि बसा. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा न्यायालयांचे निकाल फुकट मिळतात, ते वाचा. आणि जे एलएलबी करत आहेत त्यांना माझे खास सांगणे आहे. आपल्यातला प्रत्येक हुशार वकील बचावाच्याच बाजूला जातो. तेही हवेच. पण सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा एमपीएससी घेते. जाहिरात आली की फॉर्म भरा. फाइल पहिल्यांदा ज्या टेबलावर उघडते तिथे प्रश्न विचारणारा माणूस हवा. तो प्रश्न अटकेनंतर एकोणीस वर्षांनी उच्च न्यायालयाने विचारला, तर तोवर कुणाचे तरी अख्खे तारुण्य गेलेले असते.