कबुतराला दाणा मिळतो, पण तुम्हाला रिपोर्ट मिळाला का?

2015 साली अमेरिकेतल्या रिचर्ड लेव्हन्सन, एडवर्ड वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्तनातल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, त्याची चित्रं कबुतरांना दाखवली. काही साध्या गाठींची, काही कॅन्सरची. बरोबर ठिकाणी चोच मारली की दाणा, चुकलं की नाही. सुरुवातीला निम्मी उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच. पंधरा दिवसांत प्रमाण सुमारे 85 टक्क्यांवर गेलं आणि न पाहिलेली चित्रंही त्यांनी जवळपास तितकीच ओळखली.

मॅमोग्राफीतल्या गाठींना मात्र ती फसली. दाखवलेली चित्रं पाठ केली, नवी आली की पुन्हा अंदाजपंचे.

बीडमध्ये बसून मी हे का सांगतोय? 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. 'शेजारणीलाही अंगावरून पांढरं जायचं, तिची पिशवी काढली, मग माझीही काढा' हे मला पाठ केलेलं चित्रच वाटतं. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

पण दोष फक्त बायांना देऊ नका. आम्ही डॉक्टरसुद्धा कबुतरासारखेच शिकतो, निदान बरोबर होतं की चूक हे नंतर कळलं तर. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीकडे गेलीच नाही, तर ते कळणार कसं? ऑपरेशनचं बिल मात्र निदान चुकलं तरी मिळतं. प्रत्येक चोचीला दाणा दिला असता, तर ती कबुतरं काहीच शिकली नसती!

म्हणून ताई, 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: कशावरून? पॅप तपासणी झाली का? सोनोग्राफी काय सांगते? औषधाने भागेल का? घाई वाटली तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या. पाळी बंद झाल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर मात्र तपासणी लांबवू नका.

ऑपरेशन झालंच, तर पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. तो यायला काही दिवस लागतात. कारखान्यावर जायची वेळ झाली असेल, तर घरच्या कुणाला तरी तो आणायला सांगा आणि फाइलमध्ये जपून ठेवा.