यात्रेच्या जमाखर्चात नदीचं खातं कुठं आहे?



एरवी या पानावर ऊस, मका, नाहीतर डाळिंबावरच्या तेल्याचं लिहीत असतो. आज देवळाचं लिहितोय. पण विषय शेवटी पाण्याचाच आहे, म्हणून शेतीच्या नोंदीत बसतो.

आपल्या बारामती-इंदापूरची मोठी देवस्थानं जरा एका ओळीत मांडून बघा. मोरगावचा मयूरेश्वर कऱ्हेच्या काठाला. तीच कऱ्हा पुढं सोनगावला नीरेला मिळते, तिथं सोनेश्वराचं देऊळ. नीरा खाली सराटीला येते, तिथं आषाढी वारीत तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात. अन शेवटी नीरा नरसिंहपूरला ती भीमेला मिळते, तिथं लक्ष्मी-नरसिंह. तेच पाणी पुढं पंढरपूरला चंद्रभागा होतं. म्हणजे पाणी एकच, देव अनेक. जुन्या लोकांनी देव पाण्याच्या काठानं बसवले अन उत्सवातला मुख्य विधी पाण्याशी बांधून टाकला. आपण विधी धरून ठेवला, पाणी सोडून दिलं.

मोरगावचंच घ्या. भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत शुद्ध प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत तिथं मुक्तद्वार असतं. या चार दिवसांत कुठल्याही जातीधर्माचा माणूस गाभाऱ्यात जाऊन मूर्तीला आपल्या हातानं पाणी घालू शकतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी याच दोन वेळा येते. मोरया गोसावींना चिंचवडची मूर्ती कऱ्हेत अंघोळ करतानाच सापडली असं सांगतात. नदीचं नावच मुळी कऱ्हा, म्हणजे कमंडलू. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला अन नदी झाली, ही कथा लहानपणापासून ऐकतोय.

आता शेतकऱ्याच्या हिशोबानं बघा. भाद्रपद म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. आपल्या जिरायती पट्ट्यात भरवशाचा पाऊस परतीचा, तो बहुतेक त्याच्यानंतर. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. वर जेजुरीजवळ नाझरे धरण. ते काठोकाठ भरलं तरी एक टीएमसी होत नाही. ते सांडल्याशिवाय खाली कऱ्हा वाहती होत नाही, मधल्या ओढ्यानाल्यांचं येईल तेवढंच. मग देवाला घालायचा तांब्या भरायचा कुठं?

सराटीचं तेच. पालखी सोहळा 1685 पासूनचा. इंदापूर तालुका सोडून अकलूजला जायच्या आधी पादुकांना नीरास्नान, हा त्यातला मानाचा विधी. पण दुष्काळी सालात नदीत पाणी नसतं अन टँकर आणून स्नान उरकावं लागतं. लाखो वारकरी ज्या नदीसाठी थांबतात, तिथं टँकरचा पाईप धरून स्नान. ज्यानं ते डोळ्यांनी बघितलं त्याला मी काय सांगतोय ते कळेल.

अन नरसिंहपूर. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती, म्हणजे ऐन उन्हाळा. भीमेला पाणी असतं ते वरून उजनीतनं सोडलं तर. उजनी भरली की 117 टीएमसी, पण त्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी येऊन मुरलेलं असतं. नीरेच्या अंगाला कारखान्याच्या मळीचा वास अन मेलेले मासे, हे आपण पेपरात वाचतोच. संगमावर बुडी मारायची अन मग देवाला जायचं, ही रीत. त्या पाण्यात नातवाला बुडी मारायला लावायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नरसिंहपूरची एक गोष्ट मला जास्त टोचते. तिथली मूर्ती वाळूची आहे, प्रल्हादानं आपल्या हातानं केली अशी श्रद्धा आहे. ज्या देवाचा देहच वाळूचा, त्याच्या नदीतली वाळू आपल्या डोळ्यांदेखत डंपरनं गेली. वाळू म्हणजे नदीची टाकी. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं अन उन्हाळ्यात हातभर उकरलं की झरा लागतो. वाळू गेली, खाली खडक उघडा पडला की आलेलं पाणी थांबत नाही अन काठच्या विहिरी लवकर तळ दाखवतात. उपसा कोण करतं हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं, पण नाव घ्यायला कोणी धजत नाही. बऱ्याचदा त्याच पैशातली भरघोस वर्गणी यात्रेत येते अन लाऊडस्पीकरवर तीन वेळा पुकारली जाते.

आता कोणी म्हणेल, "आबा, देव भावाचा भुकेला. पाणी टँकरचं का नदीचं, त्याला काय फरक पडतोय?" देवाला पडत नसेल, मला पडतो. विहीर आटली तर देवाचा अभिषेक टँकरवर भागेल, माझा दोन एकर ऊस भागणार नाही. उत्सवात नदी लागते म्हणूनच वर्षातनं एकदा तरी सगळा गाव नदीकडं बघतो. टँकरवर भागवायची सवय लागली की तेवढंही बघणं संपलं.

दुसरा कोणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. खरंय, सांडपाणी अन मळी रोखायचं काम सरकारचंच. पण मागणारं कोण? एकटा शेतकरी अर्ज घेऊन गेला तर हेलपाटेच मारतो. यात्रा कमिटी गेली तर साहेब खुर्ची देतात. आमदारापासून खासदारापर्यंत सगळे यात्रेला येतात, नारळ घेतात, फेटा बांधून घेतात. त्या दिवशी कमिटीनं शालीबरोबर हातात कागदही द्यावा.

कसला कागद? माझं म्हणणं साधं आहे. आपण विहिरीचं पाणी तपासायला देतो, सामू बघतो, क्षार बघतो, मग ठिबक कसं चालवायचं ते ठरवतो. तसंच यात्रेच्या पंधरा दिवस आधी घाटावरच्या पाण्याचा नमुना कमिटीनं सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. अंघोळीला योग्य का अयोग्य, तो अहवाल देवळाच्या फळ्यावर, यात्रेच्या जमाखर्चाशेजारी लावावा. मंडप, लायटिंग, शोभेची दारू, छबिन्याची ताशापथकं, कुस्त्यांचं इनाम, सगळं फळ्यावर असतं. नदी तेवढी नसते.

अन त्या जमाखर्चात नदीचं एक खातं उघडावं. वर्गणीच्या शंभरातले दहा रुपये नदीला. त्यातनं घाट साफ होईल. निर्माल्याला खड्डा होईल, त्याचं खत देवळाच्या झाडांना घालता येईल. अंघोळ करून जुने कपडे नदीत सोडायची जी खोड लागलीय, तिथं चार पोरं उभी करता येतील. काठच्या शेतकऱ्यांनी फवारणीचे पंप अन औषधांचे डबे नदीत धुवायचे नाहीत, हे कमिटीनं सांगितलं तर ऐकतील, कारण तिथं देवाचं नाव आहे. वाळूबद्दलचा ठराव ग्रामसभेत आणायचा तर तोही यात्रेच्या बैठकीतच पक्का करावा, तेव्हाच सगळा गाव जमतो. अन नदी उपसून आलेली वर्गणी घ्यायची नाही, हे त्याच बैठकीत ठरावं.

कुस्त्या बंद करा, ताशा बंद करा असं मी म्हणत नाही. यात्रेला पोरीबाळी माहेरी येतात, पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात, चार दिवस गाव भरतं. ते राहिलंच पाहिजे. डीजेची एक रात्र कमी केली तरी नदीचं वर्षाचं भागतं, एवढंच म्हणणं.

काही जण म्हणतील हा देवाधर्मात राजकारण आणतोय. आणू द्या म्हणावं. आपल्या भागात पाण्याशिवाय दुसरं राजकारण आहे तरी कुठलं?

तुमच्या गावच्या यात्रेचा विधी कुठल्या ओढ्याशी, बारवेशी, नदीशी बांधलेला आहे अन तिथं आज पाणी आहे का, ते खाली लिहा. पुढच्या आठवड्यात खोडव्याच्या पाचटाचं लिहितो.