किल्ली कुणाकडे असते?

आश्विन लागला की पेडणे तालुक्यात दोन शाळा भरतात. एक सकाळची, घंटेची. दुसरी रात्रीची, नरकासुराच्या पुतळ्याची. वाड्यावरच्या एखाद्या रिकाम्या गॅरेजात, अर्धवट राहिलेल्या घराच्या स्लॅबखाली, नाहीतर रस्त्याच्या कडेला ताडपत्री ताणून केलेल्या मांडवात आठवीतला पोर सळीचा सांगाडा तारेने आवळायला शिकतो. आयटीआयला जाणारा त्याला वेल्डिंगची काच कशी धरायची ते दाखवतो. कुणी पोटात गवत कोंबतं, कुणी जुन्या वर्तमानपत्रांना खळ फासत बसतं. हात हलवणारा नरकासुर करायचा असला तर मोटर, पट्टा, चाकं यांची जुळणी तिथेच होते, तिथेच बिघडते आणि रात्री दोन वाजता तिथेच पुन्हा लागते. चतुर्दशीच्या पहाटे सगळं जाळून पोरं पोहे खायला घरी जातात.

ही कार्यशाळा कुठल्या वास्तुविशारदाने आखलेली नाही, तिच्यावर कसला निधी खर्च झालेला नाही. तरी शिकणं, राबणं आणि चार जणांत बसणं ही तिन्ही कामं एकाच छपराखाली तिथे होतात. यंदाच्या अंकाचा विषय आहे जागा, आणि तो सुचला तो अशाच एका ताडपत्रीखाली.

किनाऱ्याकडे या विषयाची भाषा निराळी आहे. मांद्रे, आश्वे, हरमलला आता लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांसाठी 'को-वर्किंग'ची दुकानं आहेत. वेताच्या खुर्च्या, वायफायचा पासवर्ड, नारळाच्या झाडांकडे तोंड केलेलं टेबल. त्यात वाईट काही नाही. पण तालुक्याच्या आतल्या अंगाला, हळर्ण, तळर्ण, इब्रामपूर, चांदेलकडे आलात की एकाच जागेत अनेकांनी काम करणं ही नवलाई उरत नाही. मार्च-एप्रिलात काजूच्या भट्टीपाशी जाऊन बघावं. एकीकडे बोंडं तुडवणारा, दुसरीकडे भांड्याखालचा जाळ सांभाळणारा, मध्येच हिशेबाची वही, आणि कामाशी काही संबंध नसलेले पण गप्पांना हजर असलेले तिघेचौघे. हंगाम संपला की छप्पर उतरतं. पाऊस येतो, तिथे गवत वाढतं.

मांडाचंही तेच. बहुतेकदा तो कुणाच्या तरी घराचं अंगण असतो. पौषात तिथे बायकांचे धालो, फाल्गुनात शिगम्याचा मेळ तिथूनच निघणार. उरलेल्या वर्षात त्यावर पोरं खेळतात. सारवलेली जमीन, तुळशीवृंदावन, भोवती टेकायला सोपे. एवढीच काय ती वास्तू.

तुळशीच्या लग्नानंतर दशावतारी नाटकांचे दिवस येतील, तेव्हा रंगमंच नीट न्याहाळावा. एक पडदा, एक लाकडी बाक. त्याच बाकावर इंद्र बसतो, त्यावरच राक्षस झोपतो, तोच रथ, तोच डोंगर. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त जागा कशी निर्माण करावी, हे शिकायला वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना रात्रभर जागवून दहीकाला दाखवायला हवा. पहाटेपर्यंत त्यांना झोप लागणार नाही याची हमी संकासुर देईल.

आता याच गावांतला आजचं सामाजिक सभागृह पाहा. कुठल्या गावातलं ते सांगायची गरज नाही, कारण सगळी एकाच साच्यातली. समोर लोखंडी शटर. बाजूला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, त्या निम्म्याच उघडतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पश्चिमेकडून तिरपा. पण खिडकीवरचा छज्जा हातभरही नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर खिडक्या बंद आणि आत शेवाळाचा वास. मंचावर बोललेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून आवाज वाढवायचा, म्हणून तो आणखी घुमतो. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. आणि शटरला कुलूप. वर्षातून वीसेक लग्नं, दोन-चार शिबिरं, एखादी आरोग्य तपासणी. उरलेले दिवस बाहेरच्या पायरीवर कुत्रं झोपतं. गावातल्या पोरांना कॅरम खेळायला जागा नसते तेव्हाही ही इमारत तिथेच असते. अर्ज द्या, अनामत भरा, किल्ली ज्याच्याकडे आहे तो घरी असेल तेव्हा या.

इथे जुन्याचं गुणगान करून मोकळं होण्याचा मोह आम्हाला आवरायला हवा. मांडाला कुलूप नव्हतं हे खरं, पण तो सगळ्यांचा होता का? मान कुणाचा, नमन कुणी घालायचं, कुणी कुठे उभं राहायचं, हे ठरलेलं असे आणि आजही असतं. देवळाचा सभामंडप म्हणजे गावाची बैठक, असं लिहायला फार गोड वाटतं. मात्र देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या महाजनी कायद्याने चालतो, आणि महाजन कोण हे जन्माने ठरतं. त्या मानाने शटरवाला हॉल बरा म्हणायचा. अनामत भरली की तो कुणालाही मिळतो, आडनाव विचारत नाही. कुरूप असला तरी एवढा गुण त्याच्या पदरात घालावाच लागेल. म्हणजे प्रश्न जुनं की नवं हा नव्हे. ज्याला अनामत भरावी लागणार नाही आणि आडनावही सांगावं लागणार नाही, असं ठिकाण गावात कुठे आहे, हा आहे.

मराठी मुलखात हा प्रश्न सर्वांत सरळ सोडवला तो ताराबाई मोडक यांनी, आणि त्यांनी त्यासाठी इमारतच बांधली नाही. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. गावात बालवाडी होती, पण वस्तीवरची मुलं तिथवर येत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर आदिवासी मुलं दिवसभर गुरांमागे असतात हे दिसलं, तेव्हा शाळा कुरणात गेली. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. ती कुरणशाळा. १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा 'अंगणवाडी' देशभर पोचली. पुढे तिलाही चार भिंती आल्या, कडीकोयंडा आला. आज कित्येक अंगणवाड्यांना अंगण नाही. शासकीय व्यवहारात हे असं व्हायचंच.

आणि इमारत बांधूनही दार उघडं ठेवता येतं का? येतं. त्याचं उत्तर आपल्याच राजधानीत, कांपालला मांडवीच्या काठावर उभं आहे: कला अकादमी. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया १९३० साली सिकंदराबादेत जन्मले, पण घराणं गोव्याचं. १९६३ मध्ये पुरं झालेलं साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी कौलारू दालनं आणि उघडे चौक यांच्या मांडणीतून उभं केलं होतं. कला अकादमीची इमारत त्यांनी सत्तरच्या दशकात आखली, आणि तिथे त्यांनी एक धाडस केलं. एवढ्या मोठ्या सांस्कृतिक वास्तूला त्यांनी भव्य प्रवेशद्वार दिलंच नाही. रस्त्यावरून आत शिरताना डोक्यावर तुळयांची जाळी येते, ऊन पट्ट्यापट्ट्याने खाली पडतं, आणि आपण नेमके कुठल्या क्षणी 'आत' आलो हे कळत नाही. सरळ चालत गेलं की पलीकडे नदी. तिकीट नसलेला माणूस पावसाच्या सरीत आसऱ्याला उभा राहिला तरी त्याला कुणी हटकत नाही. संगीताच्या वर्गातली मुलगी तानपुरा घेऊन चालली आहे, शेजारी नाट्यस्पर्धेसाठी आलेली काणकोणची मंडळी बसमधून सामान उतरवताहेत, कठड्यावर एक जोडपं भांडत बसलं आहे. हे सगळं एका छपराखाली. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बसून भिंतींकडे पाहिलं तर मारियो मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यांत दाटीवाटीने बसलेले गोंयकार दिसतात. दिवे मालवायच्या आत त्यांच्यातला आपला शेजारी कोण हे ओळखायचा खेळ आमच्या पिढीने खेळला आहे. रिकाम्या नाट्यगृहातही नटाला प्रेक्षक मिळावेत याची ही सोय म्हणायची.

२०२१ नंतर दुरुस्तीसाठी ही वास्तू बंद झाली, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. त्याबद्दल कोण किती जबाबदार हा वाद पुष्कळ झाला आहे आणि होत राहील. आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटली. कलाकार रस्त्यावर उतरले ते एका इमारतीसाठी. 'कला राखण मांड' या नावाने एकत्र आलेल्यांत अनेकांनी आयुष्यातली पहिली एकांकिका तिथल्या पायऱ्यांवर तालीम करून बसवली होती. शटरवाला हॉल पडला तर त्याच्यासाठी कोण रस्त्यावर येईल?

कोरियांसारखा हात प्रत्येक गावाला मिळणार नाही, हे खरंच. पण कोपरगावसारख्या ठिकाणी, शारदा शाळेच्या आवारात, समीप पाडोरा यांनी २०१८ साली माया सोमय्या वाचनालय बांधलं, त्याची छायाचित्रं पाहा. पातळ विटांची, कॅटलोनियातल्या जुन्या रीतीने बांधलेली कमान, तिचं वजन विटांवरच तोललेलं. ती जमिनीपासून अशी हळू चढत जाते की मुलं सुट्टीत थेट छपरावर चालत जातात. खाली पुस्तकं, वर उंडारणं. वाचायला आत न जाणारा मुलगाही वाचनालयावर जातो, आणि कधीतरी खाली उतरतोच. आपल्याकडे तोर्ड्याला जेरार्ड डिकुन्यांनी रस्त्यांच्या बेचक्यातल्या त्रिकोणी तुकड्यावर जहाजासारखं 'हाउझिस ऑफ गोवा' संग्रहालय उभं केलं. जागा अडचणीची आहे म्हणून काही सुचत नाही, ही तक्रार त्या तुकड्याने कायमची निकालात काढली.

आता आधीच बांधून उभ्या असलेल्या जागा. पहिलं हळर्ण. शापोरा नदीच्या काठावरचा इथला चिऱ्याचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीज विजरईने तो घेतला आणि या गावाच्या नावावर 'मार्केझ ऑफ अलोर्ना' ही पदवी मिरवली. लिस्बनमध्ये आजही हे नाव माहीत असतं. म्हापशात मात्र 'हळर्ण कुठे आलं?' असं विचारणारे भेटतात. पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो पुढे १७८८ ला. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो, म्हणून हे तट अडीचशेहून अधिक पावसाळे सोसून उभे आहेत. गेल्या काही वर्षांत किल्ल्याची डागडुजी झाली. छान झाली. पुढे काय? फलक, फोटो, रविवारची सहल. आम्ही म्हणतो, तटाच्या आत एक बाक ठेवा आणि मार्गशीर्षात दशावतार लावा. पुरातत्त्वाच्या नियमांत खिळा न ठोकता जे जे करता येईल ते सगळं या नाटकाला पुरतं.

तालुक्यात पटसंख्येअभावी बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळांचं तर बोलायलाच नको. कौलारू छप्पर, समोर पडवी, अंगणात आंबा. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव शाळा पोचल्या. त्या पिढीने पाटी-पेन्सिल घेऊन पहिल्यांदा या पडव्यांत पाय ठेवला. आज पडवीत लाकूडफाटा आहे, मधल्या दाराला कुलूप. तिथे वाचनालय, संध्याकाळचा अभ्यास, महिला मंडळाची शिवणयंत्रं आणि आश्विनात नरकासुर, हे चारही एकाच वर्षात, वेळा वाटून, सहज बसतात. पडवीला आणि अंगणाला कुलूप नको. आतल्या खोलीची किल्ली एका माणसाकडे न ठेवता शेजारच्या चार घरांत महिन्याने फिरवा. नव्या बांधकामाचा एक रुपयाही लागत नाही.

या अंकात कोरियांच्या गोव्यातल्या कामावर, डिचोलीच्या बाजाराच्या बदलत्या रचनेवर, पेडण्यातल्या मांडांवर आणि मुंबईतल्या चाळीच्या गॅलरीवर लेख आहेत. कथा-कविता नेहमीप्रमाणे. शेवटची दोन पानं मात्र मुद्दाम चौकटी आखून कोरी सोडली आहेत. त्यावर आपल्या वाड्यावरच्या एका सामाईक जागेचा नकाशा काढून पाठवावा: मांड, पार, हॉल, बंद शाळा, बसथांबा, काहीही. कोण कोणत्या वेळी तिथे असतं, बायका कधी असतात, किल्ली कुणाकडे असते, हे बाजूला लिहावं. निवडक नकाशे पुढच्या वर्षीच्या अंकात छापू. पेन्सिलने काढलेला चालेल. माप पावलांनी घेतलं तरी हरकत नाही, पाऊस कुठून मारतो ते मात्र बाणाने दाखवावं.