विकत घेतलेला हेर
संगणकात अ‍ॅडवेअर शिरले असल्यास ते काढा, हा इशारा योग्यच. परंतु नव्या कोऱ्या यंत्रात विक्रेत्यानेच ते बसविले असेल तर बिचाऱ्या ग्राहकाने काय करावे? २०१४ साली लेनोवो कंपनीने अमेरिकेत विकलेल्या काही लॅपटॉपांत जाहिराती घुसविणारे ‘सुपरफिश’ आधीपासूनच होते. ते बँकेशी चालणाऱ्या सांकेतिक व्यवहाराच्याही मध्ये बसे आणि सर्व यंत्रांत त्याची गुप्त किल्ली एकच! ती एका चोरास सापडली की सर्वांचीच कुलुपे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला. २०१७ साली कंपनीने ३२ राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एवढ्या मोठ्या कंपनीस ही रक्कम किरकोळच. यंत्रात काय भरले आहे ते ग्राहकास आधी सांगून त्याची संमती घेण्याची सक्ती विक्रेत्यावर झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.