दोन पायलन जास्त

आमच्या शाळेच्या हॉबी प्रदर्शनात या वर्षी माझ्या विमानाच्या मॉडेलला दुसरे बक्षीस मिळाले. मॉडेलपुढच्या कार्डावर मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘मिग-२१ एफएल, २८ स्क्वाड्रन, ढाका, १४ डिसेंबर १९७१.’ प्रत्यक्षात टेबलावर जे विमान उभे होते, त्या प्रकारचे विमान १९७१ मध्ये आपल्या वायुसेनेत नव्हतेच. ही चूक मला कशी कळली आणि त्यामुळे प्रदर्शनाचा एक नियम बदलावा असे का वाटते, ते या लेखात मांडतो.

हे माझे पहिलेच जेट विमान. मामाने वाढदिवसाला १/७२ मापाचे किट पाठवले होते. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, मॉडेलमध्ये तो १० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरतो. रविवारची तपासणी झाल्यावर जेवणापर्यंतचा वेळ आणि आठवड्यातले दोन हॉबी पिरियड, एवढेच हातात होते. कटर आणि सुपरग्लू सरांच्या कपाटात. सही करून घ्यायचे आणि मोजून परत द्यायचे. एक सत्र त्यात गेले.

पहिल्या मॉडेलात होतात त्या बहुतेक सगळ्या चुका मी केल्या. सुटे भाग फ्रेमवरून कापण्याऐवजी हाताने पिळून काढले, त्यामुळे कडांना चरे पडले आणि ते पुटीने भरून घासावे लागले. नाकात वजन घालायचे विसरलो. चाके बसवून विमान टेबलावर ठेवले, तर ते शेपटीवर बसले. जोड पुन्हा उघडून आत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे फेविकॉलने चिकटवले. कॅनॉपी सुपरग्लूने लावली आणि त्या वाफेने काच आतून पांढुरकी झाली. काचेच्या भागाला साधा पांढरा गोंदच वापरायचा असतो, हे नंतर कळले. मॅट रंगावर थेट डिकल लावले, तर त्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसू लागले. आधी चकचकीत वॉर्निश, मग डिकल, मग मॅट वॉर्निश हा क्रम मी दुसऱ्या पंखावर शिकलो.

बारकावे करताना मात्र मजा आली. मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून सीटचे पट्टे केले. नाकावरची पिटोची नळी दोनदा मोडली, म्हणून तिच्या जागी टाचणी बसवली. पॅनेलच्या रेषांमध्ये पातळ काळा रंग भरला. तो जास्त झाला. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७.२ सेंटिमीटर. माझ्या काही रेषा अर्धा मिलिमीटर जाड होत्या, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची फट. असे विमान कोणी धावपट्टीवरही आणणार नाही. पण लांबून ते जोरदार दिसत होते. पंखांखाली चार पायलन, म्हणजे शस्त्रे टांगायचे खांबे, होते. किटमध्ये रॉकेट पॉडही चार होते. मी चारही लावले. जितकी शस्त्रे जास्त तितके विमान शूर, असा माझा समज होता.

प्रदर्शनाच्या दिवशी पालक आले होते. आमच्या हाऊसमधल्या एका कॅडेटचे आजोबा माझ्या टेबलापाशी थांबले. ते वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होते आणि ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी हात मागे बांधून, वाकून मॉडेल सगळ्या बाजूंनी पाहिले.

“कुठलं आहे हे?”

“मिग-२१, सर.”

“ते दिसतंय, बाळा. कुठलं मिग-२१?”

मी कार्डाकडे बोट दाखवले. त्यांनी चश्मा लावून ते वाचले आणि म्हणाले, “एफएलला पंखाखाली दोनच जागा होत्या. आणि ही पाठ बघ, केवढी जाड आहे. हे बिस आहे. एकाहत्तरात हे नव्हतंच आपल्याकडं.”

मी गप्प राहिलो. ते रागावले नव्हते. जाता जाता एवढेच म्हणाले, “दोनच जागा असल्या की विचार करून टांगावं लागायचं. एक नेलं की दुसरं राहिलं.”

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात बसून मी सगळे ताडून पाहिले. किटच्या खोक्यावर ‘बिस’ असे स्पष्ट छापलेले होते. मी ते वाचले होते, पण त्याचा अर्थ पाहिला नव्हता. मिग-२१ १९६३ मध्ये आपल्या वायुसेनेत आले, ते प्रथम चंदीगडला, २८ स्क्वाड्रनमध्ये. एफएल हा प्रकार त्यानंतरचा. बिस सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले. या दोन्ही प्रकारांची अनेक विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. नाव एकच, पण एफएलची पाठ सडपातळ, कॅनॉपी पुढच्या बिजागरीवर उचलली जाणारी. बिसची कॅनॉपी उजवीकडे उघडते. बिसच्या पोटात तोफ बसवलेली असते. एफएलला अंगची तोफच नव्हती. हवी असेल तर पॉडमध्ये घालून पोटाखाली टांगायची, आणि मग तिथली इंधनाची जादा टाकी सोडून द्यायची.

मग मी साधा हिशेब केला. १४ डिसेंबर १९७१ ला विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांच्या नेतृत्वाखाली २८ स्क्वाड्रनची मिग-२१ विमाने गुवाहाटीहून ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर गेली. इमारत शोधायला त्यांच्याजवळ पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा होता. हल्ल्यानंतर गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. एका रॉकेट पॉडमध्ये १६ रॉकेट. दोन पायलनवर दोन पॉड, म्हणजे एका विमानाकडे ३२. माझ्या मॉडेलवर चार पॉड, म्हणजे ६४.

या आकड्याने मला सर्वांत जास्त लाज वाटली. मी त्या वैमानिकांना दुप्पट रॉकेट देऊन टाकली होती. म्हणजे त्यांचे काम मी निम्म्याने सोपे केले होते. शौर्य वाढवायला गेलो आणि कमी करून बसलो. थोडक्या साधनांत, इंधन आणि तोफ यांतले एकच निवडून, पर्यटकांच्या नकाशावर बोट ठेवून ते गेले, हीच तर त्या दिवसाची खरी गोष्ट आहे. बारकावा चुकला की ही गोष्टच पुसली जाते. आणि फिटर, आर्मरर अशी जी माणसे ‘काय टांगायचे आणि काय सोडायचे’ हे हातांनी करत होती, ती तर कोणत्याच कार्डावर नसतात. त्यांचे काम फक्त बारकाव्यांतच दिसते.

मी सरांना हे लगेच सांगितले नाही. तीन दिवस गेले. घरी फोनवर बक्षिसाची बातमी दिली होती आणि बाबांनी ती सगळ्या नातेवाइकांना कळवली होती. शिवाय दुसऱ्या क्रमांकाचे गुण हाऊसच्या खात्यात जमा झाले होते. एक सीनियर म्हणाला, “तू गप्प राहा. परीक्षकांना कळलं नाही, तर तुला काय पडलंय?” चौथ्या दिवशी प्रेपनंतर सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बक्षीस कामाच्या सफाईचं आहे, ते राहील. कार्ड मात्र तुझं आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.”

तेव्हापासून मला वाटते की कार्ड हाही स्पर्धेचा भाग असावा. सध्या आपले परीक्षक रंग, सांधे आणि एकूण परिणाम पाहतात. कार्डाला गुण नाहीत, म्हणून ते आपण शेवटच्या रात्री, आठवेल ते लिहून टाकतो. माझी सूचना अशी, की प्रत्येक कार्डावर तीन ओळी सक्तीच्या असाव्यात. पहिली : हे नेमके कोणते विमान, कोणत्या काळातले. दुसरी : हे मला कशावरून कळले, फोटो, पुस्तक की प्रत्यक्ष पाहून. तिसरी : यात काय चुकले आहे किंवा काय अंदाजाने केले आहे. या तीन ओळींना सफाईइतकेच गुण असावेत आणि तिसरी ओळ प्रामाणिक असेल तर एकही गुण कापू नये.

यावर माझ्या बंकमेटचा आक्षेप आहे. त्याच्या मते हा छंद आहे, इतिहासाचा पेपर नाही; इतके नियम केले तर सहावी-सातवीची मुले मॉडेल करायलाच घाबरतील. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. मीही पहिल्या दिवशी पायलन मोजत बसलो असतो, तर किट उघडलेच नसते. पण मी कोणालाही निर्दोष मॉडेल करायला सांगत नाही. कोणाला जांभळ्या रंगाचे मिग करायचे असेल तर खुशाल करावे, फक्त कार्डावर ‘रंग माझ्या कल्पनेतला’ असे लिहावे. उलट चूक लिहायला जागा असली तर भीती कमीच होईल. आज आपण चूक झाकतो, कारण ती सांगायची सोयच नाही.

पालकांनाही एक विनंती. अनेक घरांतून महागडे जादा सुटे भाग येतात, रेझिनची सीट, धातूचे नक्षीकाम केलेले पॅनेल. ते सुंदर असतात, पण माझी चूक त्यांनी टळली नसती. ती खोक्यावरचा एक शब्द नीट वाचण्याने टळली असती, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी सुट्टीत मुलाला जवळचे खरे विमान दाखवायला न्या. अनेक शहरांत चौकात किंवा एखाद्या आवारात जुने मिग उभे असते. त्याखाली उभे राहून पायलन मोजायला पाच मिनिटे पुरतात.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच मिग-२१ ला निरोप देण्यात आला. ते आता आपल्या आकाशात दिसणार नाही. माझ्यानंतर जे कॅडेट येतील त्यांना ते चौकातल्या विमानांतून, फोटोंतून आणि आपण टेबलावर मांडलेल्या मॉडेलांतूनच कळेल. त्यांच्यापैकी एखादा माझे कार्ड वाचून तेच खरे धरून चालला असता.

माझे मॉडेल अजून हॉबी रूमच्या कपाटात आहे. दोन पायलन कापून टाकावेत असे एकदा मनात आले होते, पण त्याने पाठ सडपातळ झाली नसती. म्हणून विमान तसेच ठेवले आणि कार्ड बदलले : ‘मिग-२१ बिस. १९७१ च्या युद्धाशी संबंध नाही. कॅनॉपी आतून पांढरी झाली आहे. पॅनेलच्या रेषा फार जाड आहेत.’ पुढच्या सत्रासाठी एफएलचे किट मागवले आहे. या वेळी खोक्यावरची सगळी अक्षरे आधी वाचली आहेत.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी